दिवे गेल्यावर
(विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



वीज जाणे या विषयावर भाषण कसले करायचे, असे काहींच्या मनात आले असेल. द्राक्षबागेला रात्रीच्या विजेवर पाणी देणाऱ्या आणि डीपी जळाली की दिवस मोजत बसणाऱ्या आपल्या पिंपळगावला अंधाराची नव्याने ओळख करून देण्याची गरज नाही. परंतु काही तास दिवे जाणे निराळे आणि आठवडेच्या आठवडे गावच्या गाव अंधारात राहणे निराळे. कोकणातील आपल्या बांधवांनी २०२० साली हे भोगले. त्यातून आपण काय शिकावे, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. आपल्या जिल्ह्यात ते जोर ओसरून वारा-पाऊस घेऊन आले आणि पुढे निघून गेले. मात्र रायगड जिल्ह्यात आणि रत्नागिरीच्या मंडणगड, दापोली तालुक्यांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौले-पत्रे उडाले आणि विजेचे खांब हजारोंनी कोसळले. त्यातच कोरोनाची टाळेबंदी. मदतीला जावे तर रस्ता बंद, फोन करावा तर टॉवर बंद.

आमच्या एक आत्या मंडणगड तालुक्यात राहतात. यजमान मुंबईच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर दोघे गावी येऊन राहिले. वादळानंतर सहा दिवस त्यांचा काही ठावठिकाणा लागेना. सातव्या दिवशी त्यांच्या पुतण्याने मोटारसायकलच्या बॅटरीवर मोबाईल चार्ज केला, डोंगराच्या माथ्यावर जाऊन रेंज मिळवली आणि आत्यांचे बोलणे करून दिले. आम्ही विचारले, "आत्या, अंधारात कसं करता?" त्या म्हणाल्या, "दिव्याचं काही नाही रे बाबा, पाण्याचं बघा!"

या एका वाक्याने आमचे डोळे उघडले. वीज म्हणजे दिवा आणि पंखा, असे आपण समजतो. पण वीज गेली की नळयोजनेचा पंप बंद पडतो, पिठाची गिरणी थांबते, दवाखान्यातील फ्रीजमधील औषधे धोक्यात येतात. नळ आल्यापासून गावची जुनी विहीर कुणी उपसली नव्हती, रहाट मोडून पडला होता. लोकांनी प्रथम विहिरीतला पाला-गाळ काढला, नवा दोर आणला, पाणी उकळून प्यायला सुरुवात केली. ज्या दोन घरांत जाते शिल्लक होते, तिथे वाडीतल्या बाया पाळीपाळीने दळू लागल्या. शाळा बंद असल्याने अभ्यास मोबाईलवर आला होता. त्या मुलांचा तर अभ्यासच बुडाला.

वीज यायला इतका वेळ का लागतो, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. वीज प्रथम मोठ्या वाहिनीने उपकेंद्रात येते. तिथून अकरा हजार व्होल्टची वाहिनी गावाकडे निघते, मग रोहित्र, म्हणजे आपली डीपी, आणि शेवटी घराची तार. दुरुस्तीही याच क्रमाने करावी लागते. एका वाहिनीवर जास्त लोक असतील, तर ती आधी सुरू होते. डोंगरातल्या वाडीवर क्रेन पोहोचत नाही, तिथे माणसांना खांब खांद्यावर न्यावे लागतात. राज्याच्या इतर भागांतून आलेल्या वीज कर्मचाऱ्यांनी भर पावसात हे काम केले, त्यांचे ऋण मानले पाहिजे. तरीही काही वाड्यांना उजेड दिसायला महिना उलटून गेला. अंधार सर्वांवर एकाच वेळी पडतो, उजेड मात्र रांगेने येतो. रांगेच्या शेवटी कोणाच्या वस्त्या असतात, हे या सभेला सांगावयास नको.

येथे एका गोष्टीचे स्मरण होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे विजेचेही खाते होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये विजेच्या धोरणासंबंधीच्या समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. उद्योगधंदे वाढल्याखेरीज दारिद्र्य हटणार नाही आणि विजेखेरीज उद्योग वाढणार नाहीत, असा त्यांचा विचार होता. त्याच बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात आहे. तेव्हा शेवटच्या घरापर्यंत वीज मागणे हा आपला हक्क आहे. लेखी तक्रार करावी, तिचा क्रमांक जपून ठेवावा, पाठपुरावा सोडू नये.

परंतु वीज येईपर्यंतचे दिवस आपले आपणच काढावे लागतात. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ किनाऱ्यालगत गेले, तेव्हा कोकणात पुन्हा खांब पडले. म्हणून तयारी आधीच हवी. पडलेल्या तारेस, ती मेली असे समजून, कधीही हात लावू नये. जनरेटर घरात किंवा बंद खोलीत चालवू नये, त्याचा विषारी धूर माणूस झोपेतच मारतो. तो घराच्या वायरिंगला परस्पर जोडू नये. वीज उलटी रोहित्रातून वाहिनीवर चढते आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जातो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी फ्रीज बंद पडल्यास औषध कसे ठेवावे, हे डॉक्टरांना आजच विचारून घ्यावे. ओल्या मातीच्या मडक्याच्या गारव्याचा अशा वेळी उपयोग होतो.

आमची संस्थेला विनंती आहे की, वस्तीतील वृद्ध, आजारी, गरोदर भगिनी व एकटी माणसे यांची एक वही करावी. बंद पडलेली विहीर वा हातपंप पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करावा. विद्यार्थ्यांनी प्रत्येकी चार घरे वाटून घ्यावीत आणि दिवे गेले की प्रथम त्या घरांची कडी वाजवावी. याला मोठा निधी लागत नाही.

आत्यांच्या वाडीत वीज आली ती पाचव्या आठवड्यात. फोनवर त्या म्हणाल्या, "दिवे आले, पण विहीर आता आम्ही बुजू देणार नाही." हे त्यांचे बोलणे आपण इथे पिंपळगावात अमलात आणू या, एवढे सांगून आम्ही रजा घेतो. जयभीम.