सुख की तारण? – ख्रिस्ती विचारातला एक पेच
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला या विषयावर बोलायला सांगितले तेव्हा एक-दोघांनी विचारले, आपल्या विहारात ख्रिस्ती धर्म कशाला? अहो, शेजाऱ्याच्या घरात काय शिजते हे माहीत नसताना त्याला नावे ठेवू नयेत. बाबासाहेबांनीसुद्धा बाकीचे धर्म अभ्यासल्यावरच निर्णय घेतला.

आपण निर्वाण म्हणतो, मराठी ख्रिस्ती बांधव 'तारण' म्हणतात. फरक शब्दातच आहे. तारण म्हटले की तारणारा आलाच. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मोक्षदाता आणि मार्गदाता असा जो भेद केला आहे, तो इथे ध्यानात ठेवा.

शुभवर्तमानात एक गोष्ट आहे. एक श्रीमंत माणूस येशूकडे येतो आणि विचारतो, मला सार्वकालिक जीवन कसे मिळेल? माणूस वाईट नाही. चोरी नाही, खोटे बोलणे नाही, सगळ्या आज्ञा लहानपणापासून पाळलेल्या. येशू त्याला म्हणतो, तुझ्याकडे आहे ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तो माणूस खिन्न होऊन निघून जातो, कारण त्याची मालमत्ता मोठी होती. बस्स, गोष्ट एवढीच. पुढे त्याचे काय झाले ते लिहिलेले नाही.

ही गोष्ट इजिप्तमध्ये अँथनी नावाच्या तरुणाने चर्चमध्ये ऐकली. त्याने वडिलोपार्जित जमीन वाटून टाकली, बहिणीची सोय लावली आणि वाळवंटात जाऊन राहिला. तो इ.स. ३५६ मध्ये वारला. त्याची हकीकत पुढे इटलीतल्या मिलान शहरात एका प्राध्यापकाच्या कानावर गेली. त्याचे नाव ऑगस्टीन. मला खरे बोलायचे आहे ते याच्याविषयी.

ऑगस्टीनचा जन्म ३५४ चा, उत्तर आफ्रिकेतला. ते गाव आजच्या अल्जीरियात येते. हुशार, महत्त्वाकांक्षी, भाषणकला शिकवणारा. लग्नाशिवाय एका बाईबरोबर सुमारे पंधरा वर्षे राहिला, मुलगाही झाला. आई मोनिका कट्टर ख्रिस्ती, मुलासाठी रडायची. स्वतःच्या आयुष्याची कबुली देणारा ग्रंथ त्याने पुढे लिहिला, त्यात त्याने काही लपवले नाही. तरुणपणी तो देवाकडे संयम मागायचा, पण वर सांगायचा की लगेच नको!

हसू नका. मी स्वतः दर रविवारी याच विहारात पंचशील घेत होतो आणि खिशात तंबाखूची पुडी होती. बावीस वर्षे. उद्यापासून सोडतो, असे मी किती वेळा म्हटले असेल त्याची गणती आमच्या मंडळींना विचारा. ऑगस्टीनने नेमके हेच दुखणे पकडले. हाताला सांगितले हल, तर हात हलतो. पण मनाने मनाला सांगितले, तर मन ऐकत नाही. एकाच माणसात दोन इच्छा भांडतात.

३८६ साली मिलानच्या एका बागेत तो याच भांडणाने रडत असताना, शेजारून लहान मुलाचा आवाज आला, उचल आणि वाच. त्याने पौलाचे पत्र उघडले, आणि तिथे त्याचा निर्णय झाला. ३८७ च्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतला, पुढे बिशप झाला.

त्याचा निष्कर्ष असा की माणूस आपल्या बळावर सुख सोडू शकत नाही. देवाची कृपा लागते. इथे आपण वेगळे होतो, कारण आपल्याकडे पाऊल स्वतःलाच टाकावे लागते. पण दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती आपल्यालाही पटेल. अन्न, मैत्री, सौंदर्य हे वाईट नाही. प्रवासाला निघालेला माणूस गाडीच्याच प्रेमात पडला आणि मुक्काम विसरला, तर ती चूक. सगळे ख्रिस्ती मात्र मठाकडे धावले असे समजू नका. ऑगस्टीनच्याच नावाच्या संघातला भिक्षू मार्टिन ल्यूथर याने १५२५ साली एका माजी जोगिणीशी लग्न केले, आणि घरसंसार हीसुद्धा देवाची सेवा आहे असे शिकवले.

आता जी गोष्ट मला टोचते ती सांगतो. बागेतल्या प्रसंगाच्या आधीच, मोनिकाने मुलासाठी चांगल्या घरची मुलगी ठरवली होती, लग्नाच्या वयालाही न आलेली. त्यासाठी त्या पंधरा वर्षांच्या सोबतिणीला आफ्रिकेला परत पाठवले. मुलगा बापाकडे ठेवून घेतला. दुसऱ्या पुरुषाकडे पाहणार नाही असे व्रत घेऊन ती गेली. आणि ऑगस्टीनने काय केले? लग्नाला अवकाश होता म्हणून दुसरी बाई ठेवली. हे त्यानेच लिहून ठेवले आहे, तेवढा प्रामाणिकपणा मान्य करू. शेवटी ते लग्नही झाले नाही. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा होऊन वारला. ते त्या आईला कळले तरी का?

बाबासाहेबांच्या ग्रंथात सिद्धार्थ रात्री चोरून जात नाही. यशोधरेशी बोलून, तिची संमती घेऊन जातो. आपल्याला तिचे नाव माहीत आहे. ऑगस्टीनने इतका मोठा ग्रंथ लिहिला, पण त्या बाईचे नाव त्यात कुठेही नाही.

भंतेजींची धम्मदेसना व्हायची आहे, आणि खीर थंड होते आहे असा निरोपही आला आहे. मी रजा घेतो. जयभीम, नमो बुद्धाय.