पाण्यांतील आठ वर्षें

शंभर मीटर पोहण्याची शर्यत मिनिटभरांत आटोपते. प्रेक्षकानें चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवावा, तों निकाल लागलेलाहि असतो! अशा शर्यतींत अजिंक्यपद एकदां मिळविणें कठीण. तें आठ वर्षें राखणें किती कठीण असेल? ऑस्ट्रेलियाच्या डॉन फ्रेझर हिनें तें राखून दाखविलें.

सिडनी शहरांतील बाल्मेन ही गोदी-कामगारांची वस्ती. तेथें १९३७ सालीं डॉनचा जन्म झाला. आठ भावंडांत ती शेंडेफळ. वडील जहाजें बांधणारे कारागीर. मुलीला दम्याची व्यथा होती. दमेकरी पोरीला पाण्यापासून दूर ठेवा, असेंच आपल्याकडील कोणतीहि आजीबाई सांगेल. पण डॉनची छाती मोकळी झाली ती पाण्यांतच. बंदरालगतच्या खाऱ्या पाण्याच्या तलावांत ती पोहूं लागली, आणि पुढें हॅरी गॅलॅगर ह्या शिक्षकानें तिला हाताशीं धरलें.

विली डेन औडेन ह्या डच मुलीनें १९३६ सालीं केलेला १ मिनिट ४.६ सेकंदांचा विक्रम वीस वर्षें अभंग होता. १९५६ च्या फेब्रुवारींत डॉननें तो मोडला. त्याच वर्षीं मेलबर्न येथील ऑलिंपिक सामन्यांत १ मिनिट २ सेकंदांत अंतर तोडून सुवर्णपदक मिळविलें. १९६० सालीं रोम येथें पुन्हां तीच पहिली. स्त्रियांना हें अंतर मिनिटाच्या आंत तोडतां येईल कीं नाहीं, ह्या प्रश्नाचा निकालहि तिनेंच १९६२ च्या ऑक्टोबरांत लावला. वेळ होती ५९.९ सेकंद. १९६४ च्या फेब्रुवारींत ती ५८.९ वर आली.

त्यानंतर अवघ्या कांहीं दिवसांत घाला पडला. डॉन स्वतः मोटार चालवीत असतां अपघात झाला. शेजारच्या माणसांना इजा झाली आणि आई दगावली. डॉनच्या मानेला दुखापत होऊन ती कित्येक आठवडे जखडून ठेवावी लागली. पोहण्याची शर्यत सुरू होते ती उडीनें. तेव्हां मानेची ही दुखापत लहानसहान नव्हे. मनाच्या दुखापतीविषयीं तर बोलावयासच नको. तरीहि ऑक्टोबरांत टोकियो येथें सत्तावीस वर्षांची डॉन ५९.५ सेकंदांत पहिली आली. लागोपाठ तीन ऑलिंपिकांत एकच शर्यत जिंकणें हें तोंवर कोणाहि पोहणाऱ्यास, पुरुषासहि, साधलें नव्हतें.

पण ही बाई सरळ रेषेंत फक्त पाण्यांतच जात असे! मनाई असतां तिनें उद्घाटनाच्या संचलनांत भाग घेतला. संघानें दिलेला पोषाख अंगाला काचतो म्हणून स्वतःचा घातला. पुढें राजवाड्यापाशीं लावलेला ध्वज पळविण्याच्या प्रकरणांतहि ती सांपडली. जपानी पोलिसांनीं तिला सोडून दिलें आणि वर तो ध्वज तिलाच भेट दिला. मायदेशच्या पोहण्याच्या संघटनेनें मात्र १९६५ सालीं तिला दहा वर्षें स्पर्धाबंदी केली. शिस्त हवी, ह्यांत वाद नाहीं. परंतु वात्रट विद्यार्थ्याला वर्गाबाहेर उभें करावें, त्याचें शिक्षणच बंद करूं नये, एवढा पोंच शिक्षा करणाऱ्यास असावा.

१९६८ सालीं बंदी उठली. पण मेक्सिकोचे सामने तोंडावर आले होते आणि तयारीस वेळ उरला नव्हता. तेथें तिची शर्यत अमेरिकेच्या जॅन हेन हिनें बरोबर एका मिनिटांत जिंकली. डॉनचा ५८.९ सेकंदांचा आंकडा १९७२ पर्यंत कोणीं ओलांडला नाहीं. त्या वर्षीं शेन गूल्ड ह्या पंधरा वर्षांच्या ऑस्ट्रेलियन मुलीनें तो ओलांडला. बाल्मेनकरांनीं मात्र आपली डॉन कधीं टाकली नाहीं. ज्या तलावांत ती पोहली त्याला तिचें नांव आहे, आणि १९८८ सालीं तेथील मतदारांनीं फ्रेझरबाईंना अपक्ष म्हणून न्यू साउथ वेल्सच्या विधिमंडळांत निवडून दिलें.