हातातले ज्ञान कुणाच्या नावावर?

(कागल पंचतारांकित एमआयडीसीत कामगार स्त्रिया, महिला मंडळांच्या कार्यकर्त्या आणि काही कारखान्यांचे अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला आहे ‘ज्ञानाची देवाणघेवाण आणि संस्थेतील नवनिर्मिती’. ऐकले की वाटते, हे साहेब लोकांचे काम. पण कागल-हातकणंगल्याच्या गावांमधून रोज सकाळी ज्या बाया इथे कामाला येतात, त्यांच्याजवळ कोणते ज्ञान आहे? ते त्यांना कुणी विचारते का? आणि विचारून घेतले, तर पुढे त्याचे काय होते? या तीन प्रश्नांवरच मी बोलणार आहे.

माझ्या कामात पाहिलेली गोष्ट सांगते, कारखान्याचे नाव सांगत नाही. तिथे शर्टाची कॉलर एका बाजूला ओढली जायची. चेकर माल परत पाठवायची, आल्टरचा ढीग साचायचा आणि बोलणी खायच्या लाइनवरच्या बाया. कॉलर लावणारीला कारण ठाऊक होते. कटिंगमध्ये गळ्याच्या मध्यावर पाडतात ती खाच जराशी सरकलेली होती. ती रोज अंदाजाने जुळवून घ्यायची. पण शिवण आणि कटिंग यांची जेवणाची सुट्टी वेगवेगळी आणि कामावर बोलायला बंदी. शेवटी दोन्ही विभागांना समोरासमोर बसवले, तेव्हा पंधरा मिनिटांत उलगडा झाला. खाच जागेवर आली, आल्टर कमी झाले.

पुढे काय झाले? शाबासकी सुपरवायझरला मिळाली आणि महिन्याभरात लाइनचे टार्गेट वाढले. त्यानंतर त्या बाया बैठकीत गप्प बसू लागल्या. अधिकारी म्हणतात, “बायका बोलतच नाहीत, सूचनापेटी रिकामीच असते.” बोलतील कशा? आपण सांगितले की आपलेच काम वाढते, हा हिशेब त्यांना कळला होता.

हातातल्या ज्ञानाची किंमत मोठ्या कंपन्यांना चांगली ठाऊक आहे. जपानी अभ्यासक इकुजिरो नोनाका यांनी १९९१ साली एक उदाहरण मांडले. १९८५ मध्ये मात्सुशिता कंपनी घरी पाव करण्याचे यंत्र बनवत होती. पीठ नीट मळले जाईना. पाव वरून करपायचा आणि आत कच्चा राहायचा. तेव्हा इकुको तानाका ही कंपनीतली संगणकतज्ज्ञ ओसाकातल्या एका नावाजलेल्या हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे मळणी शिकायला गेली. पीठ ताणताना तो त्याला एक पीळ देतो, हे तिने हेरले. मग इंजिनियरांबरोबर वर्षभर खटपट केली, यंत्रात खास फासळ्या बसवल्या, आणि यंत्र जमले. भाकरी थापणाऱ्या बाईला यात नवल वाटणार नाही. पिठाला पाणी किती, हे कागदावर लिहून कळत नाही. शेजारी बसून हात चालवावा लागतो.

तेव्हा एकमेकींकडून शिकल्याशिवाय नवे काही घडत नाही, हे खरे. पण देवाण एकीकडून आणि घेवाण दुसरीकडेच, असे झाले तर त्याला आपण शोषणच म्हणू.

आपल्याच जिल्ह्याचे पाहा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या चपलेच्या वेण्या घालणारे कितीतरी हात बायांचे आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. ओरड झाल्यावर त्यामागे भारतीय कारागिरीची प्रेरणा असल्याचे कंपनीने मान्य केले. सगळे कोल्हापूर चिडले, ते योग्यच होते. मग लाइनवरच्या बाईची युक्ती दुसऱ्याच्या नावावर जाते, तेव्हा आपल्याला तसाच राग का येत नाही?

म्हणून इथे आलेल्या अधिकाऱ्यांना माझे तीन गोष्टींचे सांगणे आहे. पहिली, चर्चेची बैठक कामाच्या वेळेत आणि पगारी हवी. सुटल्यावर बसवले तर बायांची गाडी चुकते, घरी चूल थांबलेली असते. दुसरी, जिची कल्पना तिचे नाव तारखेसह वहीत लिहावे. तिसरी, त्यातून वाचलेल्या पैशात तिला आणि तिच्या लाइनला वाटा मिळावा. त्यांच्याशी बोलल्याशिवाय टार्गेट वाढवू नये.

आणखी एक. छळाबद्दल तोंड उघडायला बाई जिथे घाबरते, तिथे ती यंत्रातल्या बिघाडाबद्दल मोकळेपणी कशी बोलेल? दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी, असे २०१३ चा कायदा सांगतो. ती समिती भिंतीवरच्या फलकापुरती असेल, तर नवनिर्मितीची भाषणेही फलकापुरतीच राहतील.

आता थोडे आपल्याकडे वळून पाहू. आपल्या मंडळांत काय होते? शिबिराला दरवेळी एकच ताई जाते आणि टिपणे तिच्या पिशवीत राहतात. तक्रार अर्ज लिहायला दोघीतिघींनाच येते. त्या आजारी पडल्या की काम ठप्प. मालकाकडे आपण जे मागतो, ते आपल्या घरातही पाळायला हवे. शिबिराला गेलेलीने परतल्यावर दोघींना शिकवायचे आणि पुढच्या वेळी त्या दोघींपैकी एकीने जायचे, एवढा नियम तरी आपण करू या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या कामातली एक युक्ती आठवून या. स्वतः शोधलेली आणि अजून कुणाला न सांगितलेली. ती कारखान्यात सांगायची का, कुणाला आणि कोणत्या अटीवर, हे आपण सगळ्या मिळून ठरवू.