सनांची नावे आणि आपल्या घरचे कागद



चार शब्द बोला असा आग्रह झाला म्हणून उभी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा गोड मानून घ्यावे.

जपानात वर्षांना नुसता आकडा नसतो, नाव असते. सध्या तिथे 'रेइवा' चालू आहे. ते 1 मे 2019 रोजी सुरू झाले. आता तिथे एका बादशहाला एकच नाव. पण 1603 ते 1868 या एदो काळात तसे नव्हते. संकट आले की नाव बदलीत. 1657 साली 'मेइरेकी' चालू असता एदो शहर, म्हणजे आजचे टोकियो, आगीत बेचिराख झाले, लाखाच्या घरात माणसे गेली. पुढच्याच वर्षी नाव बदलून 'मांजी' केले! नाव बदलून जळलेली घरे थोडीच उभी राहतात? पण माणसाला धीर हवा असतो, हेही खरे.

त्या एदोतल्या बायका मात्र आपल्यासारख्याच काटकसरी. फाटक्या कपड्याची दुपटी, लंगोट, शेवटी पोतेरे. चुलीतली राखसुद्धा विकत घेणारे दारोदार येत.

आपल्याकडे तरी काय निराळे? शालिवाहनाचा शक, तो तर आपल्या शेजारच्या पैठणचा म्हणून सांगतात. त्यातही दर वर्षाला नाव, अशी साठ नावे. महाराजांचा राज्याभिषेक शके 1596, आनंद नाम संवत्सरी, म्हणजे 1674 साली झाला आणि महाराजांनी स्वतःचा नवा शक सुरू केला. जपानात तेव्हा 'एन्पो'चे दुसरे वर्ष होते.

आणि निजामाच्या राज्यात फसली. शेतसाऱ्यासाठी मोगलांनी चालवलेला हा सन. आमच्या सासूबाईंचा जन्म त्यांच्या वडिलांनी वहीत लिहिला आहे, '10 बहमन सन 1352'. म्हणजे डिसेंबर 1942. पण कार्ड करताना कुणीतरी तेराशेचे एकोणीसशे केले आणि 1952 लागले! ऐंशी ओलांडलेली बाई कागदावर दहा वर्षांनी लहान. सासूबाई आधी हसल्या. पण साठीनंतर मिळायचे पैसे त्यांना दहा वर्षे मिळाले नाहीत, तेव्हा हसू गेले. वही दाखवली तर समोरचा म्हणतो, असला महिना नसतोच. दुरुस्तीच्या चकरा अजून चालू आहेत. सासूबाईंचे म्हणणे एकच, "माझे वय मला ठाऊक आहे, त्यांनाच ठाऊक नाही."

असे जुने कागद पुष्कळींच्या पेटीत असतील. शेतीचे, घराचे, जन्माचे. हिशेब सोपा आहे. फसली वर्ष ऑक्टोबरात लागे. अजूर, दै, बहमन या पहिल्या तीन महिन्यांना 590 मिळवावे, पुढच्या नऊंना 591. कुणाला जमले नाही तर कागद घेऊन दुपारी चारनंतर माझ्याकडे यावे. सासूबाईही असतात, त्यांना बाराही महिने तोंडपाठ आहेत.