नत्राला वाट आहे, स्फुरदाला नाही

तुम्ही हे इंदुरात ऐकत असाल, बेंगळुरूत, हैदराबादेत किंवा सोलापुरात. तुमच्या जवळच्या एखाद्या तलावावर जलपर्णी पसरलेली तुम्ही नक्की पाहिली असेल. ती काढायला दरवर्षी पैसा खर्च होतो आणि दरवर्षी ती परत येते. असं का होतं, ते आज पाहू.

शेतकऱ्याला तीन शब्द पाठ असतात: नत्र, स्फुरद, पालाश. म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशियम. पाण्यातल्या वनस्पतींनाही हीच खतं लागतात. यातली नत्र आणि स्फुरद ही दोन आज आपल्या कामाची. सांडपाण्यातून आणि शेतातून ती नदीत येतात. पण नदीत आल्यावर दोघांचे रस्ते वेगळे होतात.

आधी नत्र. नदीच्या चिखलात जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे काही जिवाणू श्वसनासाठी पाण्यातलं नायट्रेट वापरतात. त्यातून नायट्रोजन वायू तयार होतो आणि हवेत निघून जातो. हवेत तो ७८ टक्के आहेच. म्हणजे नदी काही नत्र स्वतःच काढून टाकते. त्यासाठी तिला गाळ, वळणं, गवताळ काठ आणि पाणथळ जागा लागतात. आपण काठ काँक्रीटने बांधतो, तेव्हा ही वाट अरुंद करतो.

स्फुरदाला अशी वाट नाही. शेवाळ ते शोषतं, मरतं, कुजतं आणि स्फुरद पुन्हा पाण्यात मोकळं होतं. थोडं पुढे दुसरं शेवाळ ते उचलतं. असं हातोहात सरकत ते जिथे पाणी थांबतं तिथे मुक्कामाला येतं. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं पाणी भीमेतून उजनी धरणात जातं, तेव्हा नेमकं हेच होतं. आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं.

जरा हिशेब करू. एका माणसाच्या शरीरातून रोज साधारण १ ग्रॅम स्फुरद बाहेर पडतं. १० लाखांच्या शहरातून रोज सुमारे १ टन. आणि १ किलो स्फुरदावर वाळल्या वजनाचं साधारण १०० किलो शेवाळ वाढू शकतं!

मग नुसतं नत्र रोखलं तर? १९७३ साली कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तलावाचे पडदा लावून दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातलं, एकाच भागात स्फुरदही. तोच भाग हिरवागार झाला. शिवाय काही नीलहरित शेवाळं हवेतलं नत्र स्वतः ओढून घेतात. स्फुरद मात्र त्यांना पाण्यातूनच मिळवावं लागतं.

तेव्हा स्फुरदाच्या बाबतीत दोनच उपाय उरतात: येऊ द्यायचं नाही, किंवा हातांनी बाहेर काढायचं.

बाहेर काढण्याचं मोठं उदाहरण कोलकात्याच्या पूर्वेला आहे. तिथे सुमारे १२,५०० हेक्टरांच्या पाणथळ प्रदेशात शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांत सोडतात. तिथे या तळ्यांना भेरी म्हणतात. उन्हात शेवाळ वाढतं, रोहू आणि कटला पोसले जातात, आणि मासे बाजारात गेले की त्यांच्या अंगातलं स्फुरदही पाण्याबाहेर जातं. उरलेलं पाणी भातशेतीला मिळतं. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने ही व्यवस्था जगासमोर मांडली, आणि २००२ मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. अर्थात कारखान्यांचं विषारी पाणी यात मिसळलं, तर हा मार्ग धोक्याचा ठरतो.

आता आपल्या जलपर्णीकडे येऊ. तिने स्फुरद शोषून ठेवलेलं असतं. ती काढून काठावरच ढीग लावला, तर पहिल्या पावसात ते परत तलावात. औषध फवारून मारली, तर ती तळाशी जाऊन कुजते आणि सगळं स्फुरद तिथेच राहतं. तळाच्या गाळात लोहाला चिकटलेलं स्फुरद असतं. प्राणवायू संपला की तेही सुटतं. म्हणून सांडपाणी थांबल्यावरही तलाव काही वर्षं हिरवा राहू शकतो. धीर धरावा लागतो.

तेव्हा पुढच्या वेळी तलाव स्वच्छतेचा खर्च मंजूर होईल, तेव्हा आपल्या नगरसेवकाला तीन प्रश्न विचारा. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र स्फुरद काढतं का? कारण त्यासाठी वेगळी प्रक्रिया करावी लागते, नेहमीच्या पद्धतीत बरंचसं स्फुरद पाण्यातच राहतं. काढलेली जलपर्णी आणि गाळ नेमका कुठे जातो? आणि तलावाच्या तोंडाशी असलेली पाणथळ जागा शाबूत आहे का?

शेतकरी स्फुरदाचं पोतं पैसे मोजून विकत घेतो. तेच आपण तलावात बुडवतो आणि वर जलपर्णी काढण्याचे पैसे भरतो. या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली, तर हा दुहेरी खर्च थांबू शकेल.