वळिवड्याची छावणी आणि पाहुणचाराच्या खुणा

(हिंगोली येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



हिंगोलीला फौज कांहीं नवी नाहीं. निजामाच्या पैशानें पोसलेली व इंग्रज अंमलदारांच्या हुकमतींतली हैदराबाद कंटिन्जंट फौज येथें छावणी करून होती. १९०३ सालीं ती मोडून इंग्रजांच्या हिंदी लष्करांत मिळविली गेली. लष्कराचा तळ पडला कीं वेठ आणि रसद कुणब्याच्या वाट्यास यावयाची, ही त्या काळची रीतच. तेव्हां परमुलखांतल्या शिपायांचा पाहुणचार हा विषय आम्ही येथें काढला, तर कांहीं मंडळी गालांतल्या गालांत हंसतील. हंसा, पण एक हकीकत ऐकून घ्या. ती हिंगोलीची नव्हे, कोल्हापूरची आहे.

१९४३ सालीं पंचगंगेच्या कांठीं वळिवडें येथें पोलंड देशांतलीं माणसें येऊन उतरूं लागलीं. सारीं मिळून पांच हजारांच्या आसपास. बहुतेक बायका, मुलें आणि म्हातारीं. रशियानें १९४० पासून त्यांना घरांतून उचलून सैबेरियाच्या थंडींत नेऊन टाकलें होतें. पुढल्या वर्षीं जर्मनीनें रशियावरच स्वारी केली, तेव्हां यांची सुटका झाली. धडधाकट गडी जनरल अँडर्स यांच्या फौजेंत शिरले व इराणमार्गें लढाईवर गेले. मागें राहिलेल्यांपैकीं कांहीं बायकामुलें आमच्या मुलखांत आलीं. म्हणजे वळिवड्याची वस्ती ही पुष्कळशी शिपायांच्या घरांचीच वस्ती.

बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौलें, अशा लांबच लांब बराकी उभ्या राहिल्या. शाळा, दवाखाना, ख्रिस्ती देऊळ, नाटकाची जागा, सारें झालें. खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारानें सोसला. आतां कोणी हिशोबी गृहस्थ विचारील कीं, पैसा त्यांचा, मग पाहुणचार तुमचा कसला? त्याला आमचें उत्तर असें कीं, बाबा, साल कोणतें तें पाहा. १९४३ सालीं बंगालांत लाखों माणसें भुकेनें मेलीं. धान्य महाग, कपडा महाग, रॉकेल मिळेना. अशा वर्षीं भाषा न कळणारीं, धर्मानें निराळीं, रंगानें राज्यकर्त्या साहेबासारखीं दिसणारीं पांच हजार माणसें शेजारीं येऊन बसलीं आणि पांच वर्षें नांदलीं. एक पोलिश मुलगी तर कोल्हापुरांत लग्न करून येथलीच झाली. हें पैशानें विकत मिळत नाहीं.

छावणी १९४८ सालीं उठली. त्या बराकी मात्र रिकाम्या राहिल्या नाहींत. फाळणीनें घरदार सुटलेले सिंधी लोक तेथें येऊन राहिले. कापडाच्या बाजाराचें आजचें गांधीनगर तें हेंच. एकाच जमिनीनें दोनदां बेघरांना जागा दिली.

आतां खुणांविषयीं. कोल्हापूरच्या महावीर बागेंत पोलिश लोकांनीं उभारलेला स्तंभ आहे, दफनभूमींत त्यांच्या कबरी आहेत, वळिवड्यास २०१९ सालीं एक स्तंभ उभा राहिला. पोलंडच्या राजधानींत, वॉर्सा येथेंही कोल्हापूरच्या नांवाचें स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टांत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीं तेथें फुलें वाहिलीं. हें सर्व योग्य झालें, संस्थानाचें श्रेय संस्थानाला मिळालेंच पाहिजे. पण तट्टे विणणें हें बुरुडाचें काम आणि कौल भाजणें कुंभाराचें. त्यांचीं नांवें कोठें आहेत?

आणि नांव ठेवतां येत नाहीं असें नाहीं. अँडर्सच्या पोलिश फौजेनें १८ मे १९४४ रोजीं इटलींत माँटे कॅसिनोचा डोंगर घेतला. त्याच इटलींत आमचीं मराठी पोरेंही लढत होतीं. माणगांव तालुक्यांतला नाईक यशवंत घाडगे, वय बावीस, १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या खोऱ्यांत पडला. सोबतचे सारे मेलेले किंवा जखमी. हा एकटाच मशीनगनवर धांवून गेला, गोळ्या भरण्यास सवड नाहीं म्हणून बंदूक उलटी धरून झोडपली. मागाहून व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. प्रेत सांपडलें नाहीं. तेथून जवळच्या माँटोने गांवच्या मंडळींनीं २०२३ च्या जुलैंत एक छायाघड्याळ बांधून त्यास यशवंत घाडग्याचें नांव दिलें. आपण सारे एकाच सूर्याखालीं राहतों, अशा अर्थाचें वाक्य त्यावर आहे. इटलींत ५,७८२ हिंदी शिपाई मेले. त्यांतल्या एका नाइकाचें नांव परक्या खेड्यानें जपलें!

म्हणून आमची विनंती एवढीच. ज्या घरांतून कोणी फौजेंत गेला असेल, त्या घराच्या पेटींत कांबळें असेल, बिल्ला असेल, पेन्शनीचा कागद असेल. मुलींनो, तुम्हीं शिकलेल्या आहांत. आजीला जवळ बसवा आणि एका चिठ्ठीवर लिहून त्या वस्तूला बांधा: ती कोणाची, कोणत्या सालची, कोठून आली, आणि दूरदेशीं त्याला भाकर कोणी घातली. आजीला नांव आठवत नसेल, तर गांव तरी विचारा.