वाघ दाखवायचा की खार?

दिवाळीची सुट्टी असो, नाताळ असो की मे महिना, टेंभुर्णीसारख्या हायवेवरच्या गावातून पुण्याच्या सहली निघतातच. त्यात कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय असतंच असतं. घरात दीड-दोन वर्षांचं मूल असलं, की आजी म्हणते, ‘आमच्या बाळाला वाघ दाखवायचाय!’ आज बोलायचंय ते या बाळाविषयी.

टेंभुर्णीहून पुणं सुमारे १६० किलोमीटर. पहाटे निघालं, तरी स्वारगेट गाठून कात्रजला पोचेपर्यंत उन्हं वर येतात. बाळाची झोप मोडलेली, पोटात धड काही नाही. पुढं तिकिटाची रांग. म्हणजे आत शिरण्याआधीच त्याची निम्मी ताकद संपलेली असते.

त्यात आजोबांच्या मनात अजून जुनं पेशवे पार्क असतं. १९५३ सालापासूनचं ते प्राणिसंग्रहालय गावाच्या मध्यावर होतं, चार पावलांवर सगळे पिंजरे. १९९९ साली प्राण्यांना कात्रजला हलवलं. ही जागा तळ्यासकट १३० एकरांची आहे. प्राण्यांना मोकळीक मिळाली हे उत्तमच झालं, पण आपली चाल वाढली. बॅटरीवर चालणारी गाडी आहे, पण सुट्टीत तिलाही गर्दी असते.

आता जरा बाळाच्या उंचीवरून बघू. दोन वर्षांचं मूल जेमतेम पावणेतीन-तीन फुटांचं. गर्दीत त्याला दिसतात माणसांचे गुडघे आणि हातातल्या पिशव्या. वाघ बिचारा दुपारी दूर सावलीत पडलेला. तो आपल्यालाच शोधावा लागतो, तर त्याला कुठून दिसणार? पण त्याच वेळी समोरून खार पळते, पायाशी मुंग्यांची रांग चाललेली असते. मूल तिथं रमतं. आणि आपण मात्र ‘अरे, वाघ बघ की!’ म्हणत त्याचा हात ओढतो. मग रडारड सुरू होते आणि ‘एवढा खर्च करून आणलं’ हा राग त्या जिवावर निघतो.

म्हणून सगळं बघायचा हट्ट आधी सोडावा. तीन-चार प्राणी ठरवावेत. हत्ती, हरणं, माकडं असे मोठे किंवा हलते प्राणी मुलाला चटकन कळतात. सकाळी लवकर आत जावं, दमलं की सावलीत बसावं, झोपलं तर झोपू द्यावं. जमलं तर सणाची तारीख टाळून साधा दिवस निवडावा. बुधवारी मात्र प्राणिसंग्रहालय बंद असतं.

दुसरी गोष्ट चुकामुकीची. पाच-सहा मोठी माणसं बरोबर असली, की प्रत्येकाला वाटतं बाळ दुसऱ्याकडे आहे. यासाठी पाळी ठरवावी: आता आत्याकडे, मग मामाकडे, आणि ‘घेतलं हं’ असं तोंडानं सांगून घ्यावं. बाळाच्या खिशात घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. सकाळीच त्या दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो मोबाईलवर काढून ठेवावा. तरीही चुकामूक झालीच, तर एकानं जागेवर थांबावं आणि दुसऱ्यानं लगेच सुरक्षारक्षकाला गाठावं.

आणि एक. जाळीवर खडे मारणं, आरडाओरडा करणं, शेंगदाणे टाकणं याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे. पण बाळाला कायदा कुठं कळतो? ते आपल्याकडे बघतं. आपण हळू बोललो, तर तेही तोंडावर बोट ठेवून उभं राहतं. मुक्या जिवाशी कसं वागायचं, याचा तो त्याचा पहिला धडा असतो.

घरी परतल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘काय रे, काय काय पाहिलंस?’ आणि बाळ हात नाचवत म्हणालं, ‘खाल!’ तर कपाळाला हात लावू नका. खार तर खार. त्यानं ती स्वतः शोधून पाहिलेली असते.